लडाखची थंडी आणि जुनी डिझेल गाडी

जानेवारी महिन्यातील पहाट. लेह शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटर अंतरावर, सिंधू नदीच्या खोऱ्यात वसलेले एक लहानसे खेडे. पॉपलरची झाडे निष्पर्ण उभी आहेत. ओढ्याचे पाणी गोठून काचेसारखे झाले आहे. आकाशात ढग नसल्यामुळे जमिनीने दिवसा साठविलेली ऊब केव्हाच निघून गेली आहे आणि तापमापकातील पारा शून्याच्या खाली 20 अंशांपर्यंत उतरला आहे. अशा वेळी गावात कोणी एकाएकी आजारी पडले, तर त्यास लेहच्या रुग्णालयात कसे न्यावयाचे? भिंतीच्या आडोशाला एक वीस वर्षांची जुनी डिझेल जीप उभी आहे. ती सुरू झाली, तर तासाभरात रुग्ण डॉक्टरांच्या स्वाधीन होईल. ती सुरू झाली नाही, तर दुसरी गाडी मिळेपर्यंत उजाडण्याची वाट पाहावी लागेल.

ती गाडी सुरू होणार की नाही, हे पुष्कळांना दैवाधीन वाटते. वस्तुतः त्याचा निकाल त्या पहाटे लागत नसतो. तो तीन महिने आधी, ऑक्टोबरातच लागलेला असतो. शेतातील जवाची मळणी आटोपली, की लडाखी शेतकरी घराच्या गच्चीवर जनावरांसाठी वैरण रचून ठेवतो, भाज्या वाळवून ठेवतो. हिवाळा आल्यावर यांपैकी काहीच करता येत नाही. गाडीचेही तसेच आहे. श्रीनगरकडून व मनालीकडून येणारे रस्ते उंच खिंडींतून जातात आणि बर्फ पडले, की ते कधी काही दिवस, तर कधी कित्येक महिने बंद राहतात. मग हवा तो सुटा भाग वेळेवर हाती येईलच, याची शाश्वती नसते.

थंडीचे आणि डिझेल गाडीचे एवढे हाडवैर का, हे समजण्यासाठी त्या गाडीच्या पोटात विस्तव कसा पेटतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, हा अनुभव प्रत्येक मुलाला असतो. हवा जोराने दाबली, की ती तापते. ही साधी गोष्ट रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने उपयोगात आणली. त्याचा जन्म 1858 साली पॅरिसमध्ये झाला. त्या काळच्या वाफेच्या यंत्रात कोळशाच्या उष्णतेचा फार मोठा भाग वाया जात असे, ही गोष्ट त्याला खटकत होती. पुष्कळ खटपटीनंतर 1897 साली आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन समाधानकारकपणे चालले. पेट्रोलच्या इंजिनात इंधन पेटविण्यासाठी विजेची ठिणगी पाडावी लागते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नाहीच. नळकांड्यातील दट्ट्या वर सरकतो आणि आत ओढलेली हवा मूळच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढ्या जागेत कोंबतो. त्यायोगे ती हवा इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडताच तो आपोआप पेट घेतो. आरंभी ही इंजिने कारखान्यांत व जहाजांवर गेली. मोटारीत बसण्याजोगी ती होण्यास वेळ लागला. 1936 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मर्सिडीज-बेंझची ‘260 डी’ ही डिझेल मोटार लोकांनी पाहिली. तेव्हापासून गाड्या कितीही बदलल्या, तरी दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटविणे, हे मूळ तत्त्व तेच आहे.

आता लडाखची थंडी या तत्त्वाच्या आड कशी येते, ते पाहा. मुळात थंड असलेली हवा दाबली, तर ती तापेल. परंतु पुरेशी तापणार नाही. येथे एक चमत्कारिक हिशेब आहे. बाहेरची हवा एका अंशाने थंड झाली, तर दाबलेल्या हवेचे तापमान एका अंशाने नव्हे, तर दोन-अडीच अंशांनी उतरते. पुण्यातील 25 अंशांची हवा आणि लेहजवळची उणे 20 अंशांची हवा यांत 45 अंशांचा फरक आहे. दाबल्यानंतर तो शंभर अंशांच्या आसपास जातो. त्यातच लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटर उंच आहे. तेथील हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे दोन-तृतीयांश असतो. म्हणजे नळकांड्यात हवाच कमी शिरते. शिवाय नळकांड्याच्या लोखंडी भिंती थंडगार असल्यामुळे निर्माण झालेली ऊब त्या शोषून घेतात.

नवी गाडी या सर्व अडचणींतून बहुधा निभावून जाते. जुन्या गाडीचे दुखणे निराळेच असते. दट्ट्याभोवतीच्या रिंगा लाखो वेळा वरखाली घासून झिजलेल्या असतात, झडपा पहिल्यासारख्या घट्ट बसत नाहीत. हवा दाबली जात असतानाच तिचा थोडा अंश या फटींतून निसटतो आणि तिच्याबरोबर उष्णताही जाते. उन्हाळ्यात ही गळती कोणाच्या ध्यानात येत नाही. कारण तेव्हा उष्णता हवी त्याहून अधिक असते. म्हाताऱ्या माणसाचा दमा जसा पावसाळी हवेत वर डोके काढतो, तसा जुन्या इंजिनाचा हा दोष थंडीत उघडा पडतो.

इंजिनाची प्रकृती कशी आहे, हे जाणत्या चालकाला धुरावरून कळते. काळा धूर म्हणजे इंधन अधिक आणि हवा कमी; पुष्कळदा हवेची गाळणी धुळीने बुजलेली असते. निळसर धूर दिसला, तर इंजिनातील वंगणाचे तेल जळत आहे, म्हणजे रिंगा किंवा झडपांची बुशे झिजली आहेत, असे समजावे. थंड पहाटे येणारा पांढरा धूर हे न जळलेल्या डिझेलचे धुके होय. इंजिन तापल्यावर तो नाहीसा झाला, तर चिंतेचे कारण नाही. तापल्यावरही तो येत राहिला, तर मात्र गाडी कारागिराला दाखविली पाहिजे, आणि तेही बर्फ पडण्यापूर्वी.

थंड इंजिनाला आरंभी मदत व्हावी म्हणून पुष्कळ डिझेल मोटारींत प्रत्येक नळकांड्यापाशी एकेक विजेची कांडी बसविलेली असते. तिला ग्लो प्लग म्हणतात. गॅरेजमधील कारागीर हीटर प्लग म्हणून ओळखतात. किल्ली अर्धी फिरविली, की या कांड्या काही क्षणांत लालभडक होतात. तोपर्यंत चालकासमोरच्या फलकावर वेटोळ्याच्या आकाराचा एक दिवा दिसतो. तो विझल्यावर मग इंजिन फिरवावयाचे असते. घाईगर्दीचा चालक या दिव्याकडे पाहत नाही आणि मग गाडीला दोष देतो! चारांपैकी दोन कांड्या जळून गेलेल्या असल्या, तरी उबदार दिवसांत गाडी सुरू होतच राहते. म्हणून ऑक्टोबरात प्रत्येक कांडी वेगळी तपासावी लागते. ही तपासणी चालू गाडीला अनावश्यक वाटते. परंतु हिवाळ्याच्या तयारीत हिच्याइतके स्वस्त आणि हिच्याइतके उपयोगी काम दुसरे क्वचितच असेल.

हवा पुरेशी तापली, तरी इंधन तिच्यापर्यंत पोचले पाहिजे. येथे दुसरीच अडचण उभी राहते. महाराष्ट्रात थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली सकाळी उपडी केली, तरी थेंब पडत नाही. मग ती कोवळ्या उन्हात ठेवावी लागते. डिझेलमध्येही मेणासारखा एक अंश विरघळलेला असतो. साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत सापडले, की त्या मेणाचे बारीक कण वेगळे होऊ लागतात आणि डिझेल गढूळ दिसू लागते. थंडी वाढली, की हे कण गाळणीच्या सूक्ष्म छिद्रांत जाऊन बसतात आणि इंधनाची वाट बंद होते. टाकी भरलेली असूनही इंजिन उपाशी! आणखी थंडीत तर सगळे डिझेलच खिरीसारखे घट्ट होते. मैदानी मुलखात टाकी भरून लडाखात आलेल्या गाड्यांना हा अनुभव विशेषेकरून येतो.

यावर लोकांनी जे उपाय शोधले, ते फार धोक्याचे होते. कित्येक चालक पहाटे टाकीच्या व इंजिनाच्या खाली शेकोटी पेटवीत. ज्या टाकीत इंधन आहे, तिच्याच बुडाशी जाळ करणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको. जुन्या गाडीच्या नळ्यांतून डिझेल पाझरत असते, इंजिनाखाली तेलकट चिखल साचलेला असतो. एक ज्वाळा वर पोचली, की गाडी भस्मसात व्हावयाची. दुसरा उपाय डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याचा. रॉकेल लवकर गोठत नाही, हे खरे. परंतु डिझेलचा फवारा सोडणाऱ्या पंपाला वंगण मिळते ते डिझेलचेच, आणि रॉकेलात वंगणाचा गुण फार कमी. त्यामुळे आज गाडी चालू होते आणि काही काळाने पंप झिजून बसतो. शिवाय धूरही वाढतो. पेट्रोल तर डिझेलमध्ये कधीही मिसळू नये.

या अडचणीवर योग्य तोडगा निघाला, तो 2019 च्या नोव्हेंबरात. इंडियन ऑइलने खास हिवाळ्यासाठी तयार केलेले डिझेल त्या वेळी लडाखात आणले. पानिपतच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात तयार झालेले हे डिझेल उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहते. मात्र ते टाकीत ओतले, म्हणजे काम संपले, असे नव्हे. पंपापासून इंजिनापर्यंतच्या नळ्यांत आणि गाळणीत जुने डिझेल शिल्लक असते. ते संपून नवे डिझेल तेथे पोचेपर्यंत गाडी काही अंतर चालवावी लागते. संध्याकाळी हिवाळी डिझेल भरले आणि गाडी तशीच अंगणात लावली, तर पहाटे गाळणीतले जुने डिझेल गोठलेले आढळेल. पुष्कळ अनुभवी माणसेही नेमकी येथेच चुकतात.

इंधनाच्या गाळणीत आणखी एक शत्रू दडलेला असतो, तो म्हणजे पाणी. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवा असते. रात्री ती थंड झाली, की तिच्यातील बाष्पाचे थेंब टाकीच्या भिंतीवर जमतात आणि डिझेलपेक्षा जड असल्यामुळे तळाशी जातात. तेथून ते गाळणीत येतात आणि गोठून बर्फाचे बूच बनतात. म्हणून हिवाळ्यात रात्री टाकी शक्य तेवढी भरलेली ठेवावी. गाळणीच्या खाली पाणी काढून टाकण्यासाठी एक लहानसा स्क्रू असतो. तो सैल करून साचलेले पाणी सोडून द्यावे. थंडीपूर्वी गाळणी नवी बसविलेली उत्तम. गाळणी बदलताना नळीत हवा शिरते आणि हवा शिरली, की पंप इंधन ओढीत नाही; तेव्हा हातपंप दाबून ती सगळी हवा बाहेर काढावी लागते. हे काम दिवसाउजेडी, हात उबदार असताना करावे. बर्फाळ अंधारात, बधिर बोटांनी ते करण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, तो पुढच्या वर्षी गाळणी आधीच बदलतो.

डिझेलचे इंजिन फिरविण्यास पेट्रोलच्या इंजिनापेक्षा अधिक बळ लागते. कारण हवा अधिक दाबावयाची असते. हे बळ बॅटरीने पुरवावयाचे. परंतु थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते. उणे 18 अंशांच्या सुमारास बॅटरीची ताकद जवळजवळ निम्म्यावर येते आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनातील तेल दाट झाल्यामुळे काम दुप्पट होते. म्हणजे अर्ध्या बळाच्या माणसाच्या डोक्यावर दुप्पट ओझे! बॅटरीत सौम्य गंधकाम्ल असते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल, तर ते लडाखच्या थंडीतही गोठत नाही. बॅटरी उतरली असेल, तर मात्र आत बहुतांशी पाणीच उरते आणि ते उणे 10 अंशांच्या सुमारास गोठू लागते. मग बॅटरीचे कवचच फुटते. भरलेल्या बॅटरीला थंडीची भीती कमी आणि उतरलेलीला अधिक, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. द्रवाचे विशिष्ट गुरुत्व मोजण्याचे काचेचे एक साधे उपकरण असते, ते 1.26 ते 1.28 दाखवील, तर बॅटरी पूर्ण भरलेली आहे. तिच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी बुरशी घासून काढावी, जोड घट्ट करावेत आणि वर थोडे व्हॅसलीन लावावे. अतिशय थंड प्रदेशांतील काही चालक रात्री बॅटरी काढून घरात आणून ठेवतात. ती उचलण्याचे कष्ट पडतात खरे. पण पहाटे ते कष्ट वसूल होतात.

इंजिन थंड राखण्यासाठी रेडिएटरमध्ये पाणी असते. पाण्याचे बर्फ झाले, की ते सुमारे नऊ टक्के अधिक जागा मागते आणि ही जागा मिळविण्यासाठी ते ओतीव लोखंडाचे इंजिनही तडकवते. पूर्वी चालक रोज रात्री रेडिएटर रिकामा करीत आणि सकाळी गरम पाणी भरीत. एखाद्या दिवशी विसर पडला, की इंजिन गेलेच. आता ग्लायकॉल नावाचा द्रव ऊर्ध्वपातित पाण्यात समप्रमाणात मिसळतात. हे मिश्रण उणे 35 अंशांच्या खालीही गोठत नाही. मात्र दर वेळी पातळी कमी दिसली, म्हणून नुसते पाणी ओतीत गेल्यास मिश्रण पातळ होते आणि त्याचा गुण नाहीसा होतो. ग्लायकॉल चवीला गोड असले, तरी जहाल विष आहे. ते सांडलेल्या जागी मांजर किंवा कुत्रे तोंड लावणार नाही, याची काळजी घ्यावी. लहान मुलांच्या हाती तर ते पडताच कामा नये.

येथे एका चुकीच्या समजुतीचा उल्लेख केला पाहिजे. इंजिन तापेपर्यंत पाण्याचा प्रवाह अडवून धरणारी थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. आपल्याकडील उष्ण भागांत, ‘हिच्यामुळे गाडी तापते’ असे म्हणून काही कारागीर ती काढूनच टाकतात. हा सल्ला उन्हाळ्यातही चांगला नाही. हिवाळ्यात तर तो घातक आहे. अशी जुनी गाडी लडाखात गेली, तर तिचे इंजिन दिवसभर चालूनही नीट तापत नाही, इंधन अर्धवट जळते आणि आत काजळी साचते. म्हणून जुनी गाडी घेणाऱ्याने ही झडप जागेवर आहे की नाही, हे आधी पाहावे. चालत्या गाडीच्या रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून थंड वारा अडविण्याची युक्ती पुष्कळजण करतात. ती ठीक आहे. परंतु नजर तापमानाच्या काट्यावर ठेवावी आणि काटा वर चढू लागताच पुठ्ठा काढावा.

वंगणाचे तेलही ऋतूप्रमाणे निवडावे लागते. तेलाच्या डब्यावर 15 डब्ल्यू-40, 5 डब्ल्यू-30 असे आकडे असतात. त्यांतील पहिला आकडा थंडीतल्या प्रवाहीपणाचा. तो जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर वाहते. गाडीच्या माहितीपुस्तकात ज्या आकड्याला मान्यता असेल, तेच तेल घालावे. जुन्या इंजिनात फार पातळ तेल झिरपून जाते, म्हणून आपल्या मनाने प्रयोग करू नयेत.

बाकीची तयारी लहानसहान आहे. थंडीत चाकांतील हवेचा दाब उतरतो, म्हणून तो वरचेवर पाहावा. ओला हातब्रेक रात्रीत गोठून बसतो. त्याऐवजी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावणे बरे. काचेवरील बर्फ काढण्यासाठी उकळते पाणी ओतू नये, काच तडकते.

आता पुन्हा त्या पहाटेकडे येऊ. शेजारच्या घरातून हाक आली आहे. चालक कंदील घेऊन बाहेर येतो. घरात ठेवलेली बॅटरी तो जागेवर बसवितो. दिवे, पंखा, रेडिओ बंद आहेत ना, हे पाहतो. कारण या घटकेला विजेचा कणही वाया घालवावयाचा नाही. किल्ली अर्धी फिरवून तो वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबतो. थंडी फार, म्हणून किल्ली मागे घेऊन पुन्हा एकवार कांड्या तापवितो. मग क्लच दाबून, म्हणजे गिअरपेटीतील दाट तेल फिरविण्याचा भार इंजिनावर न टाकता, तो स्टार्टर फिरवितो. दहा सेकंद. इंजिन कण्हते, पण पेटत नाही. अननुभवी माणूस येथे स्टार्टर तसाच दाबून धरील आणि बॅटरी संपवील. किंवा कोणीतरी सुचविले, म्हणून हवेच्या नळीत इथरचा फवारा मारील. तापलेल्या कांड्यांशी गाठ पडताच त्या फवाऱ्याचा स्फोट होतो. चालक यांतले काहीच करीत नाही. तो मिनिटभर बॅटरीला विसावा देतो, कांड्या पुन्हा तापवितो आणि दुसऱ्यांदा स्टार्टर फिरवितो.

एक नळकांडे पेटते. इंजिन अडखळते, थरथरते. मग दुसरे पेटते, तिसरे पेटते. मागच्या नळीतून पांढऱ्या धुराचा लोट बाहेर पडतो. गाडी उघड्यावर आहे, हे बरे. बंद खोलीत हाच धूर माणसाचा प्राण घेतो. चालक इंजिन जोरात चालवीत नाही. दाटलेले तेल सगळीकडे पोचावयास एक-दोन मिनिटे लागतात, तेवढ्या वेळात तो काच पुसून घेतो आणि मागच्या बाकावर घोंगडी अंथरतो. रुग्णाला उचलून आत ठेवले जाते. धूर आता विरळ झाला आहे. गाडी सावकाश वळण घेते आणि सिंधूच्या काठाने लेहच्या दिशेला लागते.